एकाच मांडवातली दोन लग्नं

त्या घरात सगळ्यांत आधी जाग यायची ती पोटातल्या बाळाला. सौंदर्याला सातवा लागला होता. पहाटे बंब पेटवायला ती उठायची, न्हाणीच्या पायरीवर टेकायची आणि म्हणायची, "आलं बगा! आत्तींच्या आधी ह्येच उठून बसतंय." मग तिची नणंद शिवलीला हातातला तांब्या खाली ठेवून तिच्या पोटावर तळवा टेकवायची. आतून बारीकशी ढुसणी यायची.

"सोमेशअण्णावर गेलंय. त्योबी झोपंत असाच लाथा झाडतोय."

"ते तुला काय म्हाईत, लीलाक्का? ते मला म्हाईत," असं म्हणून सौंदर्या तोंडावर पदर घ्यायची आणि दोघी हसत सुटायच्या.

२००३ सालातल्या त्या मंगळवारीही दोघी अशाच हसत होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौंदर्याच्या आत्तींचा, म्हणजे सासूबाई अक्काताईंचा आवाज आला, "झालं का कौतिक? लीला, आवर. वकिलाकडं जायाचं हाय."

शिवलीलेनं हात काढून घेतला. सौंदर्या बंबात लाकूड सारू लागली. ज्या माणसाला कोर्टात खेचायचं होतं, तो शिवलीलेचा नवरा होता आणि सौंदर्याचा सख्खा भाऊ.

हे असं कसं, ते सांगायला हवं. राजारामपुरीत खाली भांड्यांचं दुकान आणि वर घर, असा अक्काताईंचा संसार. नवरा गेल्यावर पदर खोचून त्या स्वतः गल्ल्यावर बसल्या आणि दोन मुलं वाढवली. थोरल्या सोमेशचं एका लग्नात कोडोलीच्या सौंदर्यावर मन बसलं. अक्काताई मागणी घालायला गेल्या, तेव्हा तिचे वडील गुंडाप्पा सुपारी कातरत म्हणाले, "पोर देतो की. पर तुमची लीला आमच्या शिवशरणला पायजे. साटं करूया. तुमी आमच्या पोरीला तरास दिला, तर तुमची पोर आमच्या हातात हायच की!" बैठकीतली सगळी माणसं हसली. अक्काताईही हसल्या. एका घरची लेक देऊन दुसऱ्या घरची आणायची, ही त्यांच्या जातगोतात चालत आलेली रीत. दोन्ही पोरी त्यामुळं सुखात राहतात, असं त्यांनी मनापासून धरलं होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या शिवलीलेला कुणी विचारलं नाही. कोडोलीत शिवशरणलाही कुणी विचारलं नाही. एकाच मांडवात, एकाच अक्षतांत दोन लग्नं उरकली.

त्यातलं एक फुललं. दुसऱ्यात काही घडलंच नाही. शिवशरण दूध संघात कामाला होता. तो जेवायचा, गुरांना वैरण घालायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. त्यानं बायकोवर कधी हात उचलला नाही, कधी शिवी दिली नाही, कधी तिला नावानं हाकही मारली नाही. सासरे येता-जाता म्हणत, "साट्याची हायस, ध्यानात ठेव." तीन वर्षांनी ती दिवाळीला माहेरी आली आणि परत गेलीच नाही. अक्काताईंनी खोदून खोदून विचारलं, काय झालं? "काही न्हाई झालं, अव्वा," ती म्हणाली. "तीन वर्सं काहीच झालं न्हाई." या गोष्टीलाही आता वर्ष उलटून गेलं होतं.

वकील नावाजलेले होते. कागद डोळ्यांपुढं धरून ते वाचू लागले. सासरच्यांनी उपाशी ठेवलं. मारहाण केली. नवरा वैवाहिक सुख देण्यास असमर्थ आहे.

"मला कुणी मारलं न्हाई," शिवलीला म्हणाली. "आणि ते शेवटचं... तसंबी न्हाई."

वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, तर जज्जसाहेब विचारतील, मग घर का सोडलंस? खरंखोटं बाजूला ठेवा. टिकेल ते लिहायचं असतं."

"लिवा तुमी," अक्काताई म्हणाल्या. "चारचौघांत नाक कापल्याबिगर त्यो गुंडाप्पा वाकायचा न्हाई."

"पण तेही गप्प बसणार नाहीत हं. तुमच्या मुलीच्या चालचलनावर घेतील. एखादं नाव जोडतील. ते चालायचंच." पावसापाण्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. त्यांनी कागद पुढं सरकवला, त्यावर पेन ठेवलं.

शिवलीलेला त्या कागदावर पायरीवर बसलेली सौंदर्या दिसत होती. भर कोर्टात ह्या घरानं तिच्या भावाला नामर्द म्हटल्यावर ह्या घरातला घास तिच्या गळ्याखाली कसा उतरणार? "इचार करून येतो," एवढंच म्हणून शिवलीला उठली.

तिनं सही केली नव्हती. पण अक्काताईंच्या जिभेनं ती करून टाकली. संध्याकाळी दुकानात कुकर घ्यायला आलेल्या एका सोयरिणीला त्या म्हणाल्या, "त्या कोडोलीकरास्नी आता कोर्टाची पायरी दावतो." सोयरीण कुकर घेऊन गेली आणि बातमीही घेऊन गेली.

दोनच दिवसांत कोडोलीहून फोन आला. गुंडाप्पा अगदी गोड बोलले. "सोमवारी पोरीला न्ह्यायला येतो, अक्काताई. पयलं बाळंतपण. म्हायेरीच करायचं असतंय न्हवं? तुमची पोर वर्सभर तुमच्याकडं हाय. आता आमची बी जरा आमच्याकडं असू दे की."

अक्काताईंनी रिसीव्हर ठेवला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?

सोमवारी जीप दारात लागली. हिरवी साडी, हातभर चुडा, केसांत शेवंतीची वेणी. अक्काताईंनी सुनेची ओटी भरली. सौंदर्याची आई चिमणाबाई आली होती. ती एका कोपऱ्यात मान खाली घालून बसली, चहाही अर्धा ठेवला. जीपमध्ये चढताना सौंदर्यानं शिवलीलेचा हात धरला तो सोडेचना.

"बाळंत झालो की सव्वा म्हैन्यात येतोच की मी," ती म्हणाली. मग हळूच, "येतो न्हवं, लीलाक्का?"

पुढच्या रविवारी सोमेश कोडोलीला गेला. बायकोला आवडतात म्हणून शेंगांच्या पोळ्या घेऊन गेला. गुंडाप्पांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "आदी तुजी भन हितं नांदायला पाठीव," ते म्हणाले, "मग तुजी बायकू ने. आन् कोर्टात जाणार असशील तर जा. मग लेकराचं तोंड बगायची वाट बगू नगंस." आतून बांगड्या वाजल्याचं सोमेशनं ऐकलं. पण कुणी बाहेर आलं नाही. पोळ्यांचा डबा तसाच परत आला.

त्या दिवसापासून घर बदललं. सोमेश बहिणीला एका शब्दानं बोलला नाही. तो नुसता ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठायचा. कोर्टाच्या गोष्टी करणाऱ्या अक्काताई आता शिवलीलेच्या केसांत तेल घालता घालता म्हणू लागल्या, "त्यो मारत तर न्हवता न्हवं? बाईच्या जातीनं जरा सोसलं म्हंजे... तुज्या एकटीपायी त्या पोटुशीचं वाट्टोळं व्हायला लागलंय, लीला." बोटं प्रेमानंच फिरत होती. म्हणूनच शिवलीलेला जास्त भीती वाटली. वकिलाच्या कागदाला नाही म्हणता आलं होतं. ह्या बोटांना कसं म्हणायचं?

तिनं पेटी खाली काढली. दोन साड्या आत ठेवल्या.

दुपारी फोन वाजला. सौंदर्या कुजबुजत होती. "अप्पा शेताकडं गेल्यात म्हणून लावला. लीलाक्का, ऐक. तू येऊ नगंस."

"वैनी, मी आलो तर तू सुटशील."

"आन् तू? मी तिकडं तुज्या अण्णासंगट हसायचं, आन् तू हितं माज्याच खोलीत भिताडाकडं बगत बसायचं? मला त्यो घास जाईल व्हय?" तिला धाप लागत होती. "बाळ लई फिरतंय गं. हितं कुणी हात लावून बगत न्हाई. मी ठेवतो. कुणीतर आलं."

शिवलीलेनं पेटीतल्या साड्या बाहेर काढल्या. गेली तर स्वतः मरायचं, कोर्टात गेली तर सौंदर्याला मारायचं. तिसरी वाट कुणाला विचारायची? तिला कॉलेजातल्या मैत्रिणीची थोरली बहीण आठवली. संयोगिता. नवीनच वकील झालेली, चौथ्या गल्लीत एका क्लासच्या वर तिची खोली होती. खालून पोरांच्या पाढ्यासारखं इंग्रजी घोकणं ऐकू येत होतं. शिवलीलेनं तिला सगळं सांगितलं, एकदाही न रडता.

"तुला काय हवंय?" संयोगितानं विचारलं. एवढा साधा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता.

"मला सुटायचंय. पण कुणाला काळं न फासता. आणि माज्यापायी वैनीचं घर मोडायला नको."

संयोगिता खुर्ची जवळ ओढून बसली. "परदेशात एक पद्धत निघालीय. मी वाचलंय, केलेलं नाही. आपल्याकडं कुणी करत नाही. नवऱ्याचा एक वकील, बायकोचा एक, आणि ते दोघं. चौघांनी एका टेबलाशी बसायचं. खरं तेवढंच बोलायचं आणि सगळं तिथंच ठरवायचं. आणि दोन्ही वकिलांनी आधीच लिहून द्यायचं, की बोलणी फिसकटली तर ही केस आम्ही कोर्टात लढवणार नाही. म्हणजे भांडण पेटलं तर आमचंच नुकसान. झक मारत पाणी ओतत बसतो मग आम्ही."

"कोर्टात जायचंच न्हाई?"

"शिक्का तिथलाच लागतो, शेवटी जावं लागेल. पण भांडायला नाही. आमचं ठरलंय, एवढं दोघांनी मिळून सांगायला. वर्ष झालं वेगळं राहून, तेव्हा अर्ज करता येतो. मग सहा महिने थांबायचं, पुन्हा जाऊन हो म्हणायचं. पण ह्यात एक अडचण आहे. तुझा नवरा यायला पाहिजे."

शिवलीलेनं दूध संघात फोन केला. लग्न झाल्यापासून तिनं त्याला केलेला तो पहिला फोन. "मी शिवलीला बोलतो," ती म्हणाली. पलीकडून आवाज आला, "कुठं यिऊ?"

तो आला. दारात चपला काढून, टेबलापासून लांब, खुर्चीच्या टोकावर बसला. संयोगिता चहा सांगायला म्हणून बाहेर गेली ती मुद्दामच गेली.

"तुमास्नी दुसरी कोण आवडत हुती का?" शिवलीलेनं विचारलं.

"न्हाई." तो तळहात चोळत राहिला. "कोणच न्हाई. सौंदर्यीचं ठरतंय तर तूबी उभा ऱ्हा म्हणालं अप्पा. बाशिंग बांधलं, उभा ऱ्हायलो. मला माणसांत बोलायला येत न्हाई, ल्हानपणापास्नं न्हाई. तू घरात आलीस तवा वाटलं, हिलाबी माज्यासारखीच उभी केलीया. तुज्याकडं बगितलं की शरम वाटायची. म्हणून बगत न्हवतो."

शिवलीलेला तीन वर्षांतली ती पाठ आठवली. ती पाठ म्हणजे तिरस्कार, असं तिनं धरलं होतं.

"वैनी कशी हाय?"

"रडती. मी दूध आणून देतो. आई पाय चेपती, कोण बगत नसलं की." मग त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "अप्पा तिला सोडायचं न्हाईत. आमच्यात तसंच असतंय."

शिवशरणचा वकील म्हणून संयोगितानं आकाराम वकिलांना गाठलं. केस पिकलेले, तोंडाळ, आयुष्यभर नवरा-बायकोच्या केसेस लढवलेले. "भांडणं लावूनच पोट भरलं," ते म्हणाले. "एकदा मिटवून बगूया, जमतंय का." दोघा वकिलांनी सह्या केल्या. शिवलीलेनं एकच हट्ट धरला, की शेवटच्या बैठकीला दोन्ही घरची थोरली माणसं हवीत.

अक्काताई आल्या. गुंडाप्पाही आले, पण बसेनात.

"बसा की, गुंडाप्पा," आकाराम वकील म्हणाले. "खुर्ची काय चावत न्हाई."

"तुमी वकील आमचं का त्यांचं?"

"तुमच्या पोराचा. तुमचा न्हाई."

दागिने, भांडी, आहेर ज्याचं त्याला, हे पटकन ठरलं. कुणी कुणावर काही आरोप करायचा नाही, हेही ठरलं. मग शिवलीला म्हणाली, "माजी एकच अट हाय. माजं मोडतंय म्हणून वैनीचं मोडायचं न्हाई. तिला न् बाळाला परत पाठवायचं."

आकाराम वकिलांनी डोकं खाजवलं. "पोरी, कायद्यात साटं नसतंय. तुजा घटस्फोट आन् तिचा संसार, कायद्याला ह्याचा काय संबंध न्हाई."

"म्हणूनच आपण इथं बसलोय, काका," संयोगिता म्हणाली. "कोर्टात हे वाक्य उच्चारताही येणार नाही. तिथं फक्त हिचं लग्न मोडेल. दुसरं घर पडताना कुणाला दिसणारसुद्धा नाही."

गुंडाप्पांनी खिडकीतून बाहेर पिंक टाकली. "साटं म्हंजे साटं. एक बैल सुटला की जू खाली येतंय. मग दुसरा कुटं चालतोय?"

"वैनी बैल न्हाई, मामा," शिवलीला म्हणाली.

खालच्या क्लासमधली घोकंपट्टी तेवढी चालू होती. मग कोपऱ्यातून आवाज आला, घोगरा, न वापरलेला.

"अप्पा, मीबी न्हाई."

गुंडाप्पांनी मुलाकडं असं पाहिलं, जणू दारातला खांब बोलला. चेहरा काळा पडला. त्यांनी टोपी उचलली. "करा काय करायचं ते. फाडा कागूद. पर पोर माज्या घरात हाय आन् तिच्या पोटातलंबी माज्याच घरात हाय. ते कसं न्ह्येताय बगतो." जिन्यावर त्यांच्या वहाणा खाडखाड वाजत खाली गेल्या.

अट अधांतरीच राहिली, तरी शिवलीला आणि शिवशरणनं सह्या केल्या. अर्ज दाखल झाला. सहा महिन्यांनंतरची तारीख पडली. शिवलीला अर्धी सुटली होती, आणि तिला रात्रंदिवस एकच दिसत होतं, सौंदर्या त्या घरात आहे.

पोरगी झाली. शिवशरणनं दूध संघातून फोन केला, "दोगी बऱ्या हायत." सोमेश दुकानाच्या पायरीवर खाली बसला. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत होतं. सोमेशला काही ऐकू येत नव्हतं. बाप झालेल्या माणसानं पेढे वाटायचे, पण लेकीचा रंग कसा, नाक कुणासारखं, हे विचारलं तर काय सांगायचं?

बारावा दिवस आला आणि गेला. बारसं झालं नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं ते आत्यानं, आणि आत्या म्हणजे शिवलीला. तिला गुंडाप्पा उंबरा चढू देणार नव्हते. कोडोलीत बाळाला सगळे "ए पोरी" म्हणत. सौंदर्या तर तेही म्हणत नसे. तिला दुधाचा ताप आला होता. छाती दगडासारखी झालेली, बाळानं तोंड लावलं की ती ओठ चावायची आणि चिमणाबाई कोबीची पानं गरम करून आणायची. अशा वेळी दारात जरा जीप वाजली तरी सौंदर्या बाळाला घट्ट धरायची. बाळाला ठेवून घेऊन आपल्याला एकटीलाच बाहेर काढतील, अशी भीती तिच्या मनात बसली होती.

सव्वा महिना झाला. सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, सगळी गल्ली जागी असताना शिवशरण भाड्याची रिक्षा घेऊन दारात आला. लपवून काही करायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं बहिणीची पिशवी उचलली.

गुंडाप्पा कट्ट्यावर बसले होते. "कुटं?"

"पोचवून येतो हिला."

"हिला न्ह्येलीस तर परत ह्यो उंबरा चढू नगंस."

शिवशरण थांबला. सौंदर्या बाळाला छातीशी धरून दाराच्या चौकटीत उभी होती. पुढं येईना, मागं जाईना. तेव्हा आतून चिमणाबाई आली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याच्या समोर बाहेरच्या कट्ट्यावर पाऊल टाकलं नव्हतं.

"मीबी साट्यातलीच हाय," ती म्हणाली. कुणाकडं न बघता, जमिनीशी बोलल्यासारखं. "तुमच्या भनीचं न् माज्या भावाचं बिनसलं, तवा मला म्हायेरात धाडली. दोन वर्सं. माजा शिवशरण तान्हा हुता, त्यो तुमी ठिवून घ्येतला. माजं दूध मी चुलीत पिळलं. परत आलो तवा त्यो मला बगून भिऊन पळला. त्यापास्नं पोरगं बोलतच न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "ह्या पोरीचं तसं करशिला तर मीबी तिच्यासंगट निघालो बगा."

शिवशरणच्या हातातली पिशवी खाली आली. आपण मुके का, हे तो आज पहिल्यांदा ऐकत होता. गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. गुंडाप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चिमणाबाईनं लेकीच्या डोक्यावर कानटोपडं बांधलं, बाळाच्या गालाला काजळ लावलं आणि रिक्षाकडं बोट केलं. "जावा. मागं बगू नगा."

राजारामपुरीत रिक्षा थांबली तेव्हा सोमेश गल्ल्यावर होता. तो रस्त्यात धावत आला, आणि मग बाळाला हात लावायला घाबरला. शिवलीला जिन्यावरून खाली आली. शिवशरण पिशवी पायरीवर ठेवून परत निघाला होता. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो उभ्यानंच प्याला. "आता कुटं जाणार?" तिनं विचारलं. "संघाजवळ खोली बगतो," तो म्हणाला. "तारखेला येतो." एवढंच.

रविवारी बारसं झालं. अक्काताईंनी अख्खी गल्ली बोलावली. घुगऱ्या, पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांची दाटी. शिवलीलेनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. नाव होतं नीलांबिका. रीतीप्रमाणं बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच जोरात, आणि शिवलीला कळवळून हसली. तिच्या त्या हसण्याकडं पाहून सौंदर्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अजून एक तारीख बाकी होती, कोडोलीचं दार बंद होतं, पण दोघी ह्या क्षणी एका घरात होत्या.

अक्काताईंनी नातीला उचललं. आनंदानं त्यांचा ऊर भरून आला होता. "डोळं बगा, मामावर गेल्यात! असू दे, असू दे. उद्या शिवशरणचं दुसरं लगीन झालं, त्याला पोरगा झाला, की हीच द्यायची त्याला. मोडल्यालं सगळं परत सांधल."

बायका हसल्या. अक्काताईही हसल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

शिवलीलेच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तिथंच थबकली. सौंदर्या पाटावरून उठली. अजून नीट ताकद आली नव्हती, तिनं पाळण्याचा आधार घेतला.

"आत्ती, बाळ द्या हिकडं."

"अगं, चेष्टा केली मी!"

"व्हय. चेष्टाच. पर आज तिच्या कानात फकस्त तिचं नाव जाऊ द्या."

तिनं बाळाला काढून घेतलं, पदराखाली धरलं आणि सगळ्यांकडं पाठ करून बसली. जरा वेळानं बाळाचं चुकचुक दूध ओढणं खोलीभर ऐकू येऊ लागलं. अक्काताईंचे हात तसेच पुढं राहिले होते. आणि जमलेल्या बायका, हसायचं की थांबायचं ते न कळून, एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.